जिना झाडून होईपर्यंत

अप्पानं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ओरडणं. तो जिन्याखालच्या खोलीत पालथ्या बादलीवर बसलेला, मी वर पहिल्या मजल्यावर. एकेक कंप्युटर बंद करून परत चालू करायचा आणि पडद्यावर नेहमीचं चित्र आलं की मी जिन्याच्या तोंडाशी येऊन बोंब ठोकायची.

"आला, अप्पा!"

"कोण आला?"

"एक्स-रेवाला!"

"कपाटासकट आला का नुसताच आला?"

"कपाटासकट!"

"मग पुढचा."

असं पाच वेळा. बाकावरचे पेशंट माझ्या तोंडाकडं बघून राहिले होते. पाचवा आला तेव्हा मी खाली वाकून म्हणलो, "एवढे पाहुणे आले असते तर निदान च्या तरी झाला असता." अप्पा हसला नाही. तो तसा कधीच हसायचा नाही, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. माझा कागद त्या वेळेला त्याच्या खिशात होता, हे मला चार वाजता कळलं.

नांदेडला दवाखान्यांच्या गल्लीत एक तपासणी केंद्र आहे, तिथं मी शिपाई. मूळचा मुखेड तालुक्यातला, चौथी पास. केंद्र पहिल्या मजल्यावर, खाली औषधाचं दुकान, मधी बावीस पायऱ्यांचा जिना. अप्पा तिथं कंप्युटर बघायचा. नाव सांगत नाही. उदगीरचा माणूस, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा आणि खिशाला तीन पेनं, त्यातलं एकच चालणारं. आधी लातूरला एका कॉलेजात मास्तर होता. तिथं साहेबांनी सांगितलं, या पोराला पास करा. हा म्हणाला, "त्याला येत न्हाई. येतंय असं मी कसं लिहू?" त्यांनी यालाच घरी पाठवला. ही गोष्ट अप्पा मोठेपणा म्हणून सांगायचा नाही. नळाला पाणी आलं नाही तसं सांगायचा.

मला तो माणूस आवडायचा नाही, हे आधीच सांगतो. दोन वर्षं मी त्याला टाळला. खुर्चीवर बसायचा नाही, बादली पालथी घालून बसायचा. त्यामुळं फरशी पुसायला बादली मागितली की आधी त्याला उठवा. मशीन ऐकंना झालं की त्याच्याशी कानडीत बोलायचा. मराठीत शिव्या दिल्या तर पेशंटला कळतंय, म्हणून. आणि कुणी काही सांगायला गेलं की एकच वाक्य. "काय झालं ते सांगू नका. काय दिसतंय ते सांगा."

काउंटरवरच्या मॅडम म्हणायच्या, "अप्पा, मशीन बिघडलं."

"बिघडलं हे तुम्हाला कुठं लिहिलेलं दिसलं?"

"चालू होत नाहीये."

"दिवा लागला का?"

"लागला."

"मग चालू हाय. पुढं काय दिसतंय?"

मॅडम रडकुंडीला यायच्या. बी. कॉम. झालेल्या बाईला असं विचारल्यावर राग येणारच. मला मात्र इंग्रजी वाचताच येत नव्हतं, म्हणून मला दुसरं काही सांगताच यायचं नाही. एकदा अप्पा शनिवारी उदगीरच्या बसमध्ये बसलेला आणि इकडं एक्स-रेचं मशीन सकाळी अडलं. मॅडमनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हणलो, "काळा पडदा हाय. पांढरी अक्षरं. खालच्या ओळीत लाल चांदणी डावीकडून उजवीकडं अन् परत डावीकडं फिरून राहिली. तिच्यापुढं आकडा पळतोय. आता बेचाळीस. त्रेचाळीस."

मग अप्पा म्हणाला, "मामा, लई झाक सांगितलं. आता खाली जा, जिन्याखालच्या मोठ्या मशीनला हात लावा. गार हाय का गरम?"

"गार."

"झोपलंय ते. बटण दाबा. जिना उतरून आलात तसा चढून जाऊ नका, तिथंच बसा."

सोमवारी आल्या आल्या त्यानं सगळ्यांपुढं सांगितलं, "या बिल्डिंगीत एकच माणूस बघितलेलं सांगतो. मामा." त्या दिवसापासून मी त्याला टाळायचं सोडलं. माणूस कौतुकाला विकला जातो. मी गेलो.

आता कपाटाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं पाच कंप्युटर. काउंटरचा, एक्स-रेचा, सोनोग्राफीचा, टायपिंगचा आणि मालकाच्या केबिनमधला. मालक स्वतः डॉक्टर. सहावं मशीन जिन्याखाली, त्याला पडदाच नाही, नुसता काळा डबा. त्याला आम्ही मोठं मशीन म्हणायचो. अप्पानं मला भाकरी खाता खाता सांगितलं होतं.

"मामा, या पाचांकडं स्वतःचं कपाट न्हाई. कपाट एकच, खाली मोठ्या मशीनकडं. सकाळी उठला की हरेक जण वायरीतून ते कपाट आपल्या भिंतीला आणून लावतो. याला माउंट म्हणतात. आता कपाटवालाच झोपलेला असला तर हे काय लावणार?"

"मग काय करतात?"

"थांबतात. तुम्ही बघितली ती लाल चांदणी, ती म्हणजे थांबलेलं मशीन. शहाणं हाय, थांबतं. माणसाला ते बघवत न्हाई."

मोठं मशीन जुनं होतं, उठायला पाच-सहा मिनिटं घ्यायचं. माझ्या आधीचा शिपाई सगळी बटणं एका दमात दाबायचा आणि रोज सकाळी पाची पडद्यांवर चांदण्या फिरायच्या. अप्पानं मला घड्याळ दिलं नाही. म्हणाला, "घड्याळाकडं तुम्ही बघणार न्हाई. झाडू दिला तर झाडणार." त्यानं नेम घालून दिला. आल्यावर शटर उघडायचं, मोठं मशीन चालू करायचं, जिना झाडायचा. बावीस पायऱ्या झाडून झाल्या की मोठं मशीन उठलेलं असतं. मग वरचे पाच चालू करायचे. आणि झाडायचा खालून वर, म्हणजे झाडून संपलं की मी वरच असतो.

मी म्हणलो, "अप्पा, जिना वरून खाली झाडतात. खालून झाडला तर कचरा परत खालच्या पायरीवर येतो."

"कचऱ्यासाठी झाडायचाच न्हाई. वेळासाठी झाडायचा."

घरी सांगितलं तर आमची कारभारीण पोट धरून हसली. "खालून वर झाडणारा नवरा केला बाई मी," म्हणाली. रोज डब्यात अप्पाची एक भाकरी जास्तीची द्यायची, शेंगाच्या चटणीसंगं. अप्पा भाकरी मोडायचा, पापुद्रा सुटलाय का बघायचा, मान हलवायचा आणि खायचा. दोन शब्द चांगले कधी बोलला नाही. एकदा मात्र मला म्हणाला, "तुमच्या घरचं काम तपासावं लागत न्हाई." मी घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मग ते हातानं मोडून काय बघतंय?"

लाल दोऱ्याची गोष्टही त्याचीच. एक महिना असा गेला की नेम पाळूनही सकाळी मशीनं अडायची. हैद्राबादचा एक इंजिनेर येऊन गेला, म्हणाला सगळं बदला. अप्पा दोन दिवस सकाळी सातपासून पॅसेजमध्ये बादलीवर बसून राहिला, मांडीवर वही घेऊन. कोण आलं, कोण गेलं, कुणी कशाला हात लावला. तिसऱ्या दिवशी कळलं. वायरी जिथं एकत्र येतात ती हिरव्या दिव्यांची डबी ज्या बोर्डावर होती, त्याच बोर्डावर सोनोग्राफीच्या मॅडम पाणी गरम करायची किटली लावायच्या. डबीची पिन काढायची, किटलीची लावायची. अप्पानं भांडण केलं नाही. डबीच्या पिनीला लाल दोरा गुंडाळून गाठ मारली. त्यानंतर कुणी हात लावला नाही. दसऱ्याला कुणीतरी त्या पिनीला हळदकुंकू वाहिलं. अप्पा ओरडला, "अहो, हे पूजेसाठी न्हाई, काढू नये म्हणून हाय!" पण पुसलं नाही. पूजेनं का होईना, पिन जागेवर राहिली.

असा माणूस. डोक्याला ताप, पण त्याच्या हातून खोटं काम होत नव्हतं. आता माझ्या हातचं सांगतो.

एकदा वीज जाऊन आली, पेशंट भरलेले, आणि मशीनं थांबली. केबिनमधलं मशीन सुद्धा थांबलं, मालकांच्या समोर, मोठे पाहुणे बसलेले असताना. मालक जिन्यापर्यंत ओरडत आले. "हे थांबणं बंद करा! कपाट मिळालं नाही तर नाही, मशीन पुढं चालू झालंच पाहिजे!"

अप्पा बादलीवरून उठून उभा राहिला. "थांबलेलं मशीन दिसतं, साहेब. न थांबता चुकलेलं दिसत न्हाई."

"मला शिकवू नका."

"कपाट न्हाई लागलं तरी मागं भिंतीत कोनाडा असतो. त्याच जागी, त्याच नावाचा. मशीन थांबलं न्हाई तर लोकं कोनाड्यात ठेवतील. कपाट नंतर लागलं की ते कोनाड्यापुढं उभं राहील. ठेवलेलं मागं राहील. कुणाला दिसणार न्हाई."

"अप्पा, करता का दुसऱ्याला बोलावू?"

अप्पानं केलं. लातूरला ज्या गोष्टीला नाही म्हणला, त्या गोष्टीला इथं हो म्हणला. वय झालं होतं. घरी मुलीचं बाळंतपण होतं. संध्याकाळी माझ्याकडं न बघता म्हणाला, "मामा, आता मशीन थांबणार न्हाईत. आता जिन्यावर सगळं."

मी म्हणलो, "फिकीर करू नका."

महिन्याभरानं आमचीला खोकला धरला. काढे झाले, गोळ्या झाल्या. शेवटी मी म्हणलो, आपल्याच केंद्रात एक्स-रे काढू, सकाळी लवकर, गर्दीच्या आधी. मला कुणापुढं हात जोडायला नकोत आणि तिला रांगेत उभं राहायला नको. तिला घेऊन पावणेआठला आलो. शटर उघडलं, मोठं मशीन चालू केलं. ती जिना चढायला लागली आणि सातव्या पायरीवर दम लागला. बसली. भिंतीला डोकं टेकून खोकत राहिली.

मी झाडू घेतला होता.

ती म्हणाली, "झाडा की. मी तोंडाला पदर लावते."

"राहू दे. धुरळा उडंल."

"अवो, तुमचा तो अप्पा वरडंल."

"त्याला काय कळतंय. एक दिवस न झाडलं तर जिना कुठं जात न्हाई."

झाडू कोपऱ्यात ठेवला, तिचा हात धरून वर नेली, बाकावर बसवली. पाची बटणं दाबली. पाचीच्या पाची मशीनं कुठं न अडता उठली. चांदणी नाही, आकडा नाही. मला वाटलं, बघा, उगाच एवढी वर्षं पायऱ्या घासल्या.

तिचा एक्स-रे पहिला झाला. मागनं पहिल्या बसची माणसं आली, सात जण. एक्स-रे बघणारे डॉक्टर बाहेरून यायचे. त्यांच्यापुढं नाव नसतं, नंबर असतो. ते पडद्यावर फोटो बघून टायपिंगच्या मॅडमना सांगत जायचे आणि त्या टाईप करत जायच्या. साडेनऊला डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यात निघून गेले. मी तोपर्यंत तिला खोलीवर सोडायला गेलो होतो. परत आलो तर गोंधळ. काउंटरवरून रिपोर्ट छापायला गेले तर रिपोर्टच दिसेनात.

अप्पा खाली बादलीवर. मला बोलावलं. नजर वहीतच.

"मामा, जिना झाडला का?"

"हाव."

"सगळा?"

"सगळा."

टायपिंगच्या मॅडम मागं उभ्या होत्या. मशीन आपलं बटण किती वाजता दाबलं गेलं ते स्वतःच आत लिहून ठेवतं, हे त्यांनाही माहीत होतं. त्या म्हणाल्या, "अप्पा, कोण कधी चालू केलं ते आत बघा ना एकदा."

अप्पा म्हणाला, "मामा बघितलेलं सांगतात. कशाला बघायचं? वायर मधीच सुटली असंल. तसं असंल तर टाईप केलेलं हवेत गेलं. ते मिळायचं न्हाई."

एवढंच. मी नाही म्हणलो असतो तर त्याला त्याच घडीला कळलं असतं की मशीनं मोठ्याच्या आधी उठली, सकाळचं सगळं कोनाड्यात आहे. दहा मिनिटांचं काम होतं. भाकरीसुद्धा मोडून बघणाऱ्या माणसानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. त्यानं काहीतरी टाईप करून कपाट लावून दिलं, आणि सकाळ कपाटामागं गेली.

त्या सात जणांनी गोंधळ घातला. बिलोलीचा एक म्हातारा काउंटरवर हात आपटून म्हणाला, "माझा फोटू तुमच्या डब्यानं खाल्ला काय? मी पहाटं उठून आलोय!" सातही जणांचे परत काढले. मॅडम मला म्हणाल्या, "मामा, काकूंचाही परत काढावा लागेल. घेऊन या उद्या."

"बघू," म्हणलो.

बघू का म्हणलो, ते लिहितो. ती आली असती तर बोलली असती. तिच्या पोटात काही राहत नसे. "त्या दिवशी मी पायरीवर बसले म्हणून यांनी झाडलं न्हाई," असं अप्पालाच कौतुकानं सांगितलं असतं. माझी एका शब्दाची इज्जत होती त्या बिल्डिंगीत, ती गेली असती. दोन दिवसांनी ते बाहेरचे डॉक्टर जिन्यात भेटले, मला बघून नेहमीसारखा हात केला. मी मनाशी धरलं, काही असतं तर बोलले असते. त्यांना नंबर माहीत होता, आमची कारभारीण माहीत नव्हती, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळून घेतलं नाही.

घरी गेलो. तिनं विचारलं, "काय निघालं?"

"काही न्हाई. साफ हाय."

तिनं देवाला हात जोडले, भाकरी थापायला बसली. म्हणाली, "तुमचं केंद्र हाय म्हणून एवढ्या लवकर कळलं."

चार महिन्यांनी तिला उचलूनच आणावं लागलं. मोठं स्कॅन झालं. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी एक्स-रे काढला होता का?" ती माझ्याकडं बघत होती. मी म्हणलो, "न्हाई." डॉक्टर म्हणाले, "चार महिने आधी आला असता..." आणि पुढं लिहायला लागले. तिनं माझ्याकडं बघितलं, डॉक्टरांकडं बघितलं, आणि गप्प बसली. मरेपर्यंत तिनं मला त्याबद्दल विचारलं नाही. लोक म्हणतात बायकोच्या बोलण्यानं माणूस बेजार होतो. त्यांनी हे गप्प बसणं बघितलं नाही.

ती गेल्यावर मी दहाव्या दिवशी कामावर आलो. डबा एकाचाच होता, तो अप्पानं बघितला आणि दुसरीकडं तोंड केलं. मी जिना झाडायला लागलो. सातवी पायरी सोडायचो. कुणाच्या ध्यानात आलं नाही. पेशंटच्या चपलांनी तिथं मातीचा थर धरला. एक दिवस अप्पा चढता चढता थांबला. "मामा, सातवी राहून राहिली रोज."

"राहू दे."

तो वाकून बघत राहिला. मग सातवी ओलांडून आठवीवर पाय ठेवला. त्यानंतर तो रोज तसाच चढायचा. गुडघे दुखायचे त्याचे, तरी.

त्या ओरडण्याच्या दिवशी काय झालं होतं तर एक्स-रेचं जुनं मशीन बदलायचं होतं. बदलायच्या आधी अप्पानं कपाट बाजूला केलं आणि मागं कोनाडा भरलेला दिसला. मग त्यानं सगळ्यांचे कोनाडे उघडून बघितले. टायपिंगच्या मशीनमध्ये आठ रिपोर्ट सापडले. सात जणांचे परत झालेले. आठवा आमचीचा. मालकाला न विचारता त्यानं पाची मशीनांचं थांबणं परत घातलं, या वेळेला आकडा कितीही पळू दे, मोठं मशीन उठेपर्यंत थांबायचं असं. आणि मला वरून ओरडायला लावलं.

चार वाजता खाली बोलावलं. बादली माझ्याकडं सरकवली, स्वतः उभा राहिला. असं त्यानं कधी केलं नव्हतं. खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. छापलेलं इंग्रजी, खाली त्याच्या हातानं मराठीत लिहिलेलं. *उजव्या फुप्फुसात डाग आहे. मोठं स्कॅन लगेच करावं.* वर नंबर आणि तारीख, नंबरापुढं त्यानंच लिहिलेलं तिचं नाव.

मी वाचलं. चौथीच्या वाचण्यानं वाचलं, एकेक अक्षर.

"मला कशाला दिलंत हे? मला माहीत नसतं तर तुमचं काय अडलं होतं?"

"सापडलेलं मी ठेवून घेत न्हाई, मामा."

"फाडून टाकायचं."

अप्पानं एकदम हळू विचारलं, "त्या दिवशी जिना झाडला होता का?"

मी बादलीकडं बघितलं. "झाडला होता म्हणलो ना एकदा."

"बरं," अप्पा म्हणाला.

तो वर गेला. मालकाच्या केबिनचं दार उघडंच होतं, मला जिन्यातून ऐकू आलं. "साहेब, आठ रिपोर्ट माझ्यामुळं झाकले गेले. थांबणं मी काढलं होतं. काढायला नको होतं." थांबणं काढा म्हणून ओरडणारे मालक विचारत होते, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला काढायला?" अप्पानं त्यांचं नाव घेतलं नाही. माझंही घेतलं नाही. दहा मिनिटांनी पिशवी घेऊन खाली आला. बादली उलटी होती ती सुलटी केली, नळाखाली ठेवली, आणि उदगीरच्या बसला निघून गेला.

मी संध्याकाळी खोलीवर तो कागद परत उघडला. मागच्या बाजूला पेनानं आकडे होते. ते चार वाजता मी बघितलेच नव्हते.

*मोठं ७.४९. काउंटर ७.५२. एक्स-रे ७.५२. सोनोग्राफी ७.५३. टायपिंग ७.५३. केबिन ७.५३.*

खाली एक शब्द नाही. बटणं दाबल्याच्या वेळा, मशीनांनी आत लिहून ठेवलेल्या. तीन मिनिटांत बावीस पायऱ्या कुणी झाडत नाही. म्हणजे मला विचारायच्या आधी त्याला माहीत होतं. माहीत असून विचारलं. मी खोटं बोललो ते ऐकून घेतलं, आणि वर जाऊन आपलं अर्धं सांगितलं. माझं अर्धं माझ्यासाठी ठेवून गेला. मला त्याचा एवढा राग कधी आला नव्हता. अजून आहे. मारला असता तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला शटर उघडलं. मोठ्या मशीनला हात लावला नाही. झाडू घेतला नाही. न झाडलेल्या जिन्यावरून वर गेलो आणि पाची बटणं दाबली.

पाचीच्या पाची थांबली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, लाल चांदणी. आकडा साठ झाला, शंभर झाला, पुढं पळत राहिला. मी खाली येऊन सातव्या पायरीवर बसलो.

टायपिंगच्या मॅडम आल्या. "मामा, मशीनं का थांबलीत?"

"थांबू द्या."

पहिल्या बसचे पेशंट आले, खाली उभे राहिले. साडेआठला मालक आले. पेशंटमधून वाट काढत माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"मामा, काय चाललंय हे? वर सगळं बंद आहे म्हणे."

मी उठलो नाही. "साहेब, अप्पाची चूक न्हवती. त्या दिवशी मी जिना झाडला न्हवता. त्यानं दोनदा विचारलं, दोनदा मी खोटं बोललो. माझी बायको त्यात गेली."

मालकांनी घड्याळ बघितलं, पेशंटकडं बघितलं, आणि मला विचारलं,

"कोणता जिना?"

इतकी वर्षं त्या जिन्यानं ते चढत होते. त्यांना झाडायचा नेम कुणी सांगितलाच नव्हता, आणि त्यांनी विचारला नव्हता.

मी उठलो. जिन्याखाली जाऊन मोठ्या मशीनचं बटण दाबलं. कोपऱ्यातला झाडू घेतला. "बाजूला व्हा," म्हणलो. पेशंट सरकले, मालकही सरकले. खालच्या पायरीपासून सुरू केलं. सातवीवर माती धरली होती, ती एका हातानं निघाली नाही. दोन्ही हातांनी घासली. मग आठवी घेतली. वर पाची मशीनं थांबलेली होती.